मडकं पुरलं कुणी?

मागच्या भागात आपण बारवांविषयी बोललो. त्यानंतर जे प्रश्न आले त्यातला एक इंदूरहून आला, बेळगावहून आला, हैदराबादहून आला, एक तर थेट तंजावरहून आला, आणि गंमत म्हणजे तो बारवांविषयी नव्हताच. प्रश्न असा: बागेत मातीचं साधं, बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवायचं, मग पाणी आतून झिरपत राहतं आणि भोवतालच्या रोपांना मिळतं. ही पद्धत आपलीच ना?

या ‘आपलीच ना’मागे काय आहे ते मला ठाऊक आहे, कारण मोबाइलवर फिरणारा तो मजकूर माझ्याकडेही आला आहे. एका मजकुरात ही युक्ती वेदकाळातली आहे. दुसऱ्यात ती ४००० वर्षांपूर्वीच्या चीनची आहे. तिसऱ्यात रोमन लोकांनी शोधली, त्यांच्याकडून स्पेनला गेली आणि तिथून मेक्सिकोला. चौथ्यात आफ्रिकेची. चारही मजकूर तितक्याच ठामपणे लिहिलेले, आणि चारांतही पुरावा म्हणून एकच चित्र, जमिनीचा उभा छेद दाखवणारं. आज आपण या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूनं पाहू. हातात खरोखर काय आहे, कुठे नुसता अंदाज आहे, आणि एवढ्या साध्या गोष्टीचा पुरावा इतका विरळ का.

त्याआधी मडकं काम कसं करतं ते नीट समजून घेऊ, कारण पुरावा कसा दिसेल हे त्यावरच ठरतं.

माठातलं पाणी गार का होतं हे तुम्हाला माहीत आहे. भाजलेल्या मातीला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून पाणी बाहेर येतं, हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. तेच मडकं जमिनीत पुरलं की बाहेर हवा नसते, माती असते. कोरडी माती पाणी ओढते. टीपकागद शाई ओढतो तशी. त्यामुळे भोवतालची माती कोरडी असली की मडकं जास्त पाझरतं, ओली झाली की ओढ कमी होते आणि पाझरही मंदावतो. रोपाच्या मुळांनी पाणी शोषलं की माती पुन्हा कोरडी, पुन्हा ओढ सुरू. म्हणून लोक म्हणतात, मडक्याला झाडाची तहान कळते. हे बरंचसं खरं आहे. पण ‘माती ओली झाली की पाझर पूर्ण बंद होतो’ हे जे पुढे जोडलं जातं ते अर्धंच खरं. मडक्यातल्या पाण्याचा स्वतःचा दाब असतोच, तो थोडंफार पाणी बाहेर ढकलत राहतो. वरून पाऊस पडत असला तरी मडक्यातली पातळी हळूहळू उतरते. काही महिन्यांनी मडकं उकरून काढलं तर बारीक मुळांची जाळी त्याला लपेटलेली दिसते, लोकरीची टोपी घातल्यासारखी.

वरचा थर मात्र कोरडा राहतो. तण कमी, आणि बाष्प होऊन वाया जाणारं पाणीही कमी. झारीनं किंवा पाटानं पाणी दिलं की त्यातला मोठा वाटा उन्हाला जातो. मडक्यावरचं झाकण तोच वाटा वाचवतं.

आता इतिहास. या पद्धतीचं सर्वांत जुनं, नेमकं आणि निःसंशय लेखी वर्णन चीनमधलं आहे. लेखकाचं नाव फान शेंग-ची. हान घराण्यातल्या सम्राट छेंगच्या काळातला, म्हणजे इ.स.पू. ३३ ते ७ या दरम्यानचा, हा दरबारी अधिकारी. राजधानी छांगआनच्या आसपासच्या प्रदेशात लोकांना शेती शिकवण्याचं, विशेषतः गव्हाची लागवड वाढवण्याचं काम त्याच्याकडे होतं. आजच्या भाषेत कृषिविस्तार अधिकारी म्हणा. त्याचं पुस्तक १८ प्रकरणांचं होतं अशी नोंद हान घराण्याच्या अधिकृत इतिहासातल्या ग्रंथसूचीत आहे. ते पुस्तक पुढे हरवलं. पण सहाव्या शतकात जिया सीश्ये नावाच्या दुसऱ्या एका अधिकाऱ्यानं ‘छीमिन याओशू’ हा शेतीचा मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात फानच्या पुस्तकातले लांबलांब उतारे घेतले. आपल्याकडेही कितीतरी ग्रंथ असेच दुसऱ्याच्या टीकेत, दुसऱ्याच्या निबंधात जिवंत राहिले आहेत. १९५०च्या दशकात शी शेंगहान या चिनी वनस्पतिशास्त्रज्ञानं हे तुकडे जुळवून इंग्रजीत आणले, आणि बाहेरच्या जगाला मडक्याची ही गोष्ट कळली ती त्यातून.

फान काय सांगतो ते तपशिलानं ऐकण्यासारखं आहे. पीक आहे खरबूज. एका ‘मू’त, म्हणजे त्या काळच्या मापानं साधारण साडेचार गुंठ्यांत, २४ आळी करायची. प्रत्येक आळं तीन ‘छी’ रुंद, म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर, आणि जेमतेम ११-१२ सेंटिमीटर खोल. आळ्यात खत आणि माती समसमान मिसळायची. मधोमध तीन ‘दोऊ’चं, म्हणजे साधारण सहा लिटरचं मातीचं भांडं असं पुरायचं की त्याचं तोंड जमिनीच्या पातळीला येईल. ते पाण्यानं काठोकाठ भरायचं. भांड्याच्या चारी बाजूंना एकेक बी लावायचं. तोंडावर कौल झाकायचं. पाणी कमी झालं की लगेच भरायचं, कायम भरलेलं ठेवायचं.

पेरणी कधी? मकरसंक्रमणाच्या आसपासचा तो सर्वांत लहान दिवस धरून ९० ते १०० दिवसांनी, म्हणजे मार्चच्या अखेरीला. फान तिथं थांबत नाही. भांड्याभोवती, खरबुजाच्या बियांच्या बाहेरच्या अंगाला, कांदा-लसणीच्या जातीच्या एका भाजीची दहा रोपं लावा म्हणतो. पाचव्या महिन्यात खरबूज तयार होईल, त्याला जागा लागेल, तोवर ही भाजी उपटून विकता येईल. मध्ये लहान तांबडं कडधान्यही पेरा, त्याचा पाला विकला जातो. ही रीत सपाट जमिनीला योग्य. आणि शेवटी उत्पन्न: एका मूमागे १०,००० नाणी.

हा शेवटचा आकडा तुम्ही जरा जपून घ्या. शेती शिकवणाऱ्या अधिकाऱ्यांनी दिलेल्या उत्पन्नाच्या आकड्यांकडे मी कोणत्याही शतकात जरा तिरकंच पाहतो, आणि फानच्या इतर पिकांचे आकडेही अभ्यासकांना फुगवलेले वाटले आहेत. पण बाकीचा तपशील पाहा. भांड्याचं माप, तोंडाची पातळी, कौलाचं झाकण, कुठलं रोप आत आणि कुठलं बाहेर, कोणतं आधी निघतं. हा मनुष्य ऐकीव सांगत नाही. कुणीतरी हे वर्षानुवर्षं करत होतं आणि यानं ते पाहून लिहून घेतलं, असं माझं मत आहे. त्याच पुस्तकात दुधीसारख्या वेलीला पाणी देण्याची सूचना आहे: आळ्यात थेट पाणी ओतू नका, आळ्याभोवती लहानसा पाट काढा, त्यात पाणी थांबू द्या आणि ओल दुरून आत पोचू द्या. म्हणजे ‘मुळाशी ओतण्यापेक्षा दुरून भिजवणं बरं’ हा विचार त्याच्याजवळ पक्का होता. मडकं हे त्याच विचाराचं पुढचं पाऊल.

तेव्हा ४००० वर्षं कुठून आली? फानला आज साधारण २००० वर्षं झाली. कुणीतरी कुठेतरी ‘२००० वर्षांहून जुनी’ लिहिलं, दुसऱ्यानं त्यात भर घातली. आकड्यांचंही चक्रवाढ व्याज असतं.

रोमन लोकांच्या दाव्याकडे येऊ. त्याचा मुख्य आधार आहे एक शब्द. स्पॅनिशमध्ये मडक्याला ‘ओया’ म्हणतात, इंग्रजी लिपीतून वाचणारे ‘ओला’ म्हणतात, आणि अमेरिकेत पुरलेल्या मडक्याला आज हेच नाव रूढ आहे. तो शब्द लॅटिन, अर्थ भांडं. पण शब्द लॅटिन म्हणून युक्ती रोमन, असं होत नाही. ‘बादली’ हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, म्हणून पोर्तुगीज येईपर्यंत कोकणात कुणी पाणी शेंदत नव्हतं का? एका प्रेक्षकानं तर मला विचारलं की हा ‘ओला’ म्हणजे आपलाच ‘ओला-कोरडा’तला ओला नाही का. नाही हो. आपला ओला प्राकृतातून आला, त्यांचा लॅटिनमधून. उच्चार जुळले एवढंच.

रोमन बागांत पुरलेली मडकी मात्र खरंच सापडली आहेत, आणि गोंधळ तिथं सुरू होतो. इ.स. ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातल्या बागा विल्हेल्मिना याशेम्स्की या अमेरिकन विदुषीनं विसाव्या शतकात उकरून अभ्यासल्या. राखेत झाडांच्या मुळांचे साचे उरले होते, आणि काही मुळांच्या तळाशी भोकं पाडलेली मडकी मिळाली. अथेन्समध्ये हेफायस्टसच्या देवळाभोवतीही, १९३०च्या दशकातल्या उत्खननात, खडकात कोरलेल्या खड्ड्यांच्या रांगा आणि त्यांत कुंड्या निघाल्या. पण ही पाणी पाजणारी मडकी नव्हेत. या रोपांच्या कुंड्या आहेत. फांदीला मडक्यात माती भरून मुळं फुटू द्यायची, मग ते रोप मडक्यासकट खड्ड्यात ठेवायचं. मुळं भोकातून किंवा फुटलेल्या खापरातून बाहेर पडतात. आज रोपवाटिकेतली काळी पिशवी जे काम करते तेच. मुळं मडक्याच्या आत असतील तर ती कुंडी, आणि बाहेरून लपेटलेली असतील तर ते पाण्याचं मडकं. पण मुळं दोन हजार वर्षं टिकत नाहीत, आणि पाँपेईसारखी राख सगळीकडे पडत नाही.

हाच प्रश्न आपल्या घरचा करून पाहू. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८पासून तिथं अनेक हंगाम उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव निघालं, पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट आणि बांधही निघाला. आणि पुरलेली मडकी? ढीगभर. पण ती घरांच्या जमिनीखाली होती, बहुतेक वेळा दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि त्यांच्या आत लहान मुलांच्या अस्थी होत्या. मूल गेलं की ते मडक्यात घालून घरातच पुरायची त्या लोकांची रीत होती. तेव्हा ‘अमुक ठिकाणी जमिनीत पुरलेलं मडकं सापडलं’ एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मडकं धान्यासाठी पुरतात, पैशांसाठी पुरतात, मृतांसाठी पुरतात, नाळेसाठी पुरतात. पाण्यासाठी पुरलेलं मडकं फुटलं की त्याची खापरं उरतात, आणि ती इतर खापरांसारखीच दिसतात.

मग भारतात ही पद्धत होती का? इथं मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्याकडे पाण्याची जुनी लेखी माहिती कुठून येते? बहुतांशी करवसुलीतून. कौटिल्याचं अर्थशास्त्र घ्या. हातानं आणलेल्या पाण्यावर उत्पन्नाचा पाचवा हिस्सा, खांद्यावरून आणलेल्यावर चौथा, यंत्रानं काढलेल्या प्रवाहावर तिसरा; नदी, तळं, विहीर यांतून उपसलेल्यावर चौथा. काय बारकावा आहे! माणसानं पाणी हातात धरलं की खांद्यावर घेतलं, हेही सरकारला माहीत. आपल्या मराठी दप्तरांतही बागायतीचे पाटस्थळ आणि मोटस्थळ असे भाग आढळतात, कारण पाटाच्या पाण्यावरच्या जमिनीचा दर वेगळा आणि मोटेच्या पाण्यावरच्या जमिनीचा वेगळा. पाट दिसतो, मोट दिसते, कारकुनाला मोजता येते. परसातल्या भोपळ्याच्या वेलाशी पुरलेलं मडकं कोण मोजणार? त्यावर धारा नाही, म्हणून त्याची नोंद नाही. शिवाय परसबाग बहुतेक बायकांच्या हातची. घरातला फुटक्या काठाचा, कानी उडालेला माठ तिथं जायचा. हे कुठल्या बखरीत लिहून ठेवतील?

त्यामुळे ‘नोंद नाही, म्हणजे पद्धत नव्हतीच’ असं मी म्हणणार नाही. पण ‘नोंद नाही, तरी ती वैदिकच’ हेही मला चालणार नाही. पुरावा नसलेल्या जागी अभिमान भरला की ती जागा कायमची बुजते. मग तिथं कुणी शोधायलाच जात नाही.

आपल्याकडे एक जवळची गोष्ट मात्र नक्की आहे. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात. तळाला बारीक भोक असलेलं भांडं, त्यातून थेंब थेंब पाणी. अक्षय्य तृतीयेला पाण्यानं भरलेले मातीचे घट दान देतात. खानदेशात आखाजीला घागर भरतात. भर उन्हाळ्यात मातीच्या भांड्यात पाणी भरून ते कुणासाठी तरी ठेवणं ही आपल्या पंचांगात बसलेली गोष्ट आहे. पण गळती भोकातून गळते, पुरलेलं मडकं अंगातून पाझरतं. भोकातल्या थेंबाला खालची पिंडी ओली आहे की कोरडी हे कळत नाही. पुरलेल्या मडक्याला मातीची ओढ लागते. झाडांजवळ मडकं ठेवून त्याला भोक पाडून वात लावतात, ती मटका सिंचनाची रीत या दोहोंच्या मधली: पाण्याचा वेग थोडा भोकावर, थोडा वातीवर. रोपवनाच्या कामांत आणि फळबागांत ती अनेकांनी पाहिली असेल.

विज्ञानाला ही ‘ओढ’ मोजता यायला विसावं शतक उजाडावं लागलं. अमेरिकेत एडगर बकिंगहॅम यांनी १९०७मध्ये माती पाणी किती जोरानं धरून ठेवते याची कल्पना गणिताच्या भाषेत मांडली. दुसऱ्याच वर्षी, १९०८मध्ये, बर्टन लिव्हिंग्स्टन या वनस्पतिशास्त्रज्ञानं सच्छिद्र मातीच्या पेल्यांतून कुंडीतल्या रोपांना आपोआप पाणी देण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याचा हेतू बागकामाचा नव्हता. प्रयोगातल्या सगळ्या रोपांची माती सारखीच ओली राहावी, एवढंच त्याला हवं होतं. पुढे तोच मातीचा पेला उलटा वापरून मातीची ओढ मोजण्याचं उपकरण तयार झालं, टेन्शिओमीटर. द्राक्षबागायतदार मंडळींना ते ठाऊक असेल: नळी, वर दाबमापक आणि टोकाला बिनझिलईच्या मातीची टोपी. म्हणजे पुरलेलं मडकंच, फक्त पाणी पाजण्याऐवजी तहान मोजायला ठेवलेलं.

थोडं विषयांतर करतो, पण राहवत नाही. याच बिनझिलईच्या भाजक्या मातीनं विषाणूही दाखवले. १८८४मध्ये पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबरलाँनं सच्छिद्र चिनी मातीची गाळणी केली. तिच्यातून पाणी जाई, जिवाणू जात नसत. १८९२मध्ये रशियाच्या इव्हानोव्हस्कीनं रोगट तंबाखूच्या पानांचा रस तीतून गाळला, आणि गाळलेला रसही रोग पसरवतो हे त्याला दिसलं. जिवाणूपेक्षा लहान असं काहीतरी आहे, याचा तो पहिला सुगावा. कुंभाराला शेकडो वर्षं माहीत होतं की भाजलेली माती काही जाऊ देते आणि काही अडवते.

परत मडक्याकडे. भारतात या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास झाला तो हरियाणातल्या कर्नालमध्ये. मराठी माणसाला कर्नाल म्हटलं की शेजारचं पानिपत आठवतं, आणि सदाशिवरावभाऊंनी ऑक्टोबर १७६०मध्ये घेतलेलं कुंजपुरा तर कर्नालपासून हाकेच्या अंतरावर. पण या भूमीचा एक दुसराही इतिहास आहे, आणि तो पाण्याचा आहे. फिरोजशहा तुघलकानं चौदाव्या शतकात यमुनेचं पाणी या बाजूला आणलं, शहाजहानच्या काळात तो कालवा पुन्हा वाहता झाला, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तो दुरुस्त करून वाढवला. पाणी मुबलक झालं. ते इतकं साचलं, मुरलं आणि दलदल झाली की हिवतापापायी १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांना कर्नालची छावणीच सोडावी लागली. जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर आले, ऊन लागून पाणी उडालं आणि शेतावर पांढरा थर राहिला. उत्तरेत त्याला रेह म्हणतात, अशा जमिनीला ऊसर किंवा कल्लर. सांगली-कोल्हापूरकडच्या, नीरेच्या कालव्याखालच्या मंडळींना ‘क्षारपड’ हा शब्द मी समजावून सांगायला नको.

त्याच कर्नालमध्ये १९६९मध्ये केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्था आली. तिथले आर. सी. मंडल यांनी १९७०च्या दशकात मडक्यांवर भाजीपाला आणि वेलींची पिकं घेऊन पाहिली आणि १९७४मध्ये ‘वर्ल्ड क्रॉप्स’ या नियतकालिकात ‘फार्मिंग विथ अ पिचर’ या नावानं ते मांडलं. पाणी कमी लागतं हे तर दिसलंच. पण कर्नालच्या दृष्टीनं मोलाची गोष्ट वेगळी होती. तिथल्या बऱ्याच विहिरींचं पाणी खारं. ते पाटानं दिलं तर पीक जळतं, कारण दोन पाण्यांच्या मधल्या दिवसांत माती सुकते आणि क्षार मुळांपाशी दाटतात. मडक्याभोवती माती कधी सुकतच नाही. ओल आतून बाहेर सरकत राहते आणि क्षारांना आपल्याबरोबर कडेला, पृष्ठभागाकडे नेते. मुळं मात्र मडक्याला चिकटून, त्यातल्या त्यात गोड जागेत. त्यामुळे एरवी पिकाला सोसवलं नसतं असं खारं पाणीही या रीतीनं वापरता येतं, असं तिथल्या कामातून पुढे आलं. ज्या जिल्ह्यानं उत्तर हिंदुस्थानातला एक मोठा कालवा आणि त्याची किंमत दोन्ही पाहिली, तिथं सहा-आठ लिटरच्या मडक्यावर संशोधन व्हावं, हे मला इतिहासाच्या दृष्टीनं फार बोलकं वाटतं.

बाहेरच्या जगात या कामाचा पाठपुरावा अमेरिकेच्या डेव्हिड बेनब्रिज यांनी केला. २००१मध्ये त्यांचा एक लेख ‘ॲग्रिकल्चरल वॉटर मॅनेजमेंट’मध्ये आला. शीर्षकातच त्यांनी या पद्धतीला ‘फारशी ठाऊक नसलेली पण अतिशय कार्यक्षम’ म्हटलं, आणि आत फान शेंग-चीही आहे, भारतातले प्रयोगही आहेत. आज अमेरिकेतल्या बागप्रेमींच्या पुस्तकांत ‘ओया’ दिसतं त्यामागे या वाटेचा मोठा वाटा आहे. तिथून ते परत आपल्या मोबाइलवर येतं, आणि आपण विचारतो, हे आपलंच ना?

ठिबक सिंचनाचा हा आजोबा आहे का, असंही काहींनी विचारलं होतं. माझ्या मते नाही. ठिबक जन्मलं ते प्लॅस्टिकच्या नळीतून. सिम्खा ब्लास यांनी इस्रायलमध्ये ते व्यवहारात आणलं, १९६५मध्ये तिथल्या हात्सेरीम किबुत्झमध्ये कंपनी सुरू झाली, आणि पुढे जळगावनं आपल्याकडे ते घरोघरी पोचवलं. दोघांचा हेतू एक, वंश वेगळा. आणि ठिबक जिंकलं त्याचं कारणही सरळ आहे. फानचंच अंतर धरलं तर एकरी २१०च्या आसपास मडकी लागतात. ती घडवायची, भाजायची, न फोडता शेतावर न्यायची, पुरायची, आणि दर दोन-चार दिवसांनी प्रत्येकाचं झाकण उचलून भरायची. ती भरणार कोण, हा प्रश्न कागदावर येत नाही, पण उत्तर आपल्याला ठाऊक आहे. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई. चार वाफ्यांच्या परसाला, गच्चीला, माळावर लावलेल्या रोपांना पहिली दोन-तीन वर्षं जगवायला मडकं उत्तम. दहा एकर कापसाला त्याचा उपयोग सांगणाऱ्या माणसानं स्वतः आधी एक दिवस पाणी वाहून पाहावं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कुठलं मडकं घ्यायचं. याचं उत्तर मी पुस्तकातून देण्याऐवजी बडोद्यातल्या एका कुंभारदादांकडून आणलं आहे. मी इथंच राहतो, त्यांच्याकडून दर उन्हाळ्यात माठ नेतो. मी त्यांना झाडांसाठी मडकं हवंय म्हणालो, तर त्यांनी विचारलं, “साहेब, पाणी गार करायचंय की पाजायचंय?” दोन्हींत फरक काय, तर घोटाईचा. विकायच्या माठाला बाहेरून गेरूचा हात देतात, दगडानं घोटून चकाकी आणतात. त्यानं छिद्रं थोडी बुजतात. पुरायच्या मडक्याला गेरू नको, घोटणं नको, रंग तर मुळीच नको. आवा फार कडक लागलेलं, टणटण वाजणारं मडकंही नको. पाण्यानं भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवायचं. सकाळी अंगाला सगळीकडे सारखी ओल दिसली तर ते पुरायचं. एकाच जागी थेंब जमला असेल तर तिथं चीर आहे. दोन-तीन हंगामांत क्षारांनी छिद्रं बुजतात, अंगावर पांढरे डाग दिसू लागतात. मग काढून काथ्यानं घासायचं, पाण्यात भिजत ठेवायचं, आणि तरीही पाझर आला नाही तर बदलायचं.

छिद्रं येतात कुठून, हेही त्यांनी सांगितलं. चाकावर जाण्याआधी मातीत लीद आणि राख मळतात. लीदेतले गवताचे तुकडे आव्यात जळून जातात आणि त्यांची जागा पोकळ राहते. महाराष्ट्रातले कुंभारही गाढवाची किंवा घोड्याची लीद याचसाठी घालत आले आहेत. मी विचारलं, हल्ली लीद मिळते का? ते हसले. टांगे गेले तेव्हाच घोडे गेले, म्हणाले. माती आणायला टेंपो आला, तेव्हा घरची गाढवं गेली. आता लाकडाच्या वखारीतून भुसा आणतात. भुशानं छिद्रं पडतात, पण मोठी आणि कमी-जास्त, हात बसेपर्यंत बरीच मडकी वाया गेली. त्यांचे वडील लीदेची चाळण दोनदा करत, माठासाठी बारीक आणि रांजणासाठी जाड. ती चाळणी अजून भिंतीला टांगलेली आहे.

पुढच्या भागात पांझरा नदीवरच्या फड पद्धतीविषयी बोलू. धुळे-नाशिककडच्या ज्या मंडळींकडे बंधाऱ्यांचे जुने फोटो असतील, त्यांनी जरूर पाठवा.